६१७४

शोरूमच्या दारात लेकीची नवी स्कूटर उभी होती. पाटीवर ३५२४ दिसताच तिच्या निवृत्त गणितशिक्षक वडिलांनी हातातली पावती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली.

ही गंमत ते दरवर्षी वर्गात दाखवत. कुठलाही चार अंकी आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. उत्तराचंही पुन्हा तेच करा. कुठूनही निघा, शेवटी ६१७४च येणार! चारही अंक सारखे असतील तरच सुटका.

त्याच कौतुकापोटी त्यांनी थोरल्या मुलाच्या मोटरसायकलला ६१७४ मुद्दाम मागून घेतला होता. अपघातानंतर पोलिसांनी त्यांना ओळख पटवायला आधी ती पाटीच दाखवली.

३०८७. ८३५२. पुढच्या वजाबाकीला पेन थांबलं.

"नंबर बदलून घेऊ गं. हाही तिथेच जातोय."

"बाबा, सगळेच तिथे जातात. तुम्हीच शिकवलंत ना?" तिने हात पुढे केला. "द्या चावी."

त्यांनी डावी मूठ उघडली. तळव्यावर चावीचे दात उमटले होते.