फेकणारीनं मारायचं नाय

रेश्मा तिसऱ्यांदा बॅट घेऊन उठली आणि रुपाने ती बॅट मधेच धरली. ओढली नाही, नुसती धरली.

सातवा डाव, शेवटचा. दोन्हीकडे शून्य. दोघी आउट झालेल्या, तिसरी झाली की डाव संपला, आणि ठमी तिसऱ्या बेसवर उभी. ती होमला पोचली की जिल्ह्याची फायनल जिंकली.

मुरबाडच्या मैदानावर सकाळपासून रुपाने एकटीने कल्याणच्या पोरींना लोळवलं होतं. सात डावांत एकीलाही तिने दुसरा बेस दिसू दिला नव्हता. पण बॅटिंगच्या यादीत तिचं नाव नव्हतं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या वाटची बॅटिंग दुसरीने केली तर चालते, आणि कुंडलिक सरांच्या संघात ती दुसरी म्हणजे कायम रेश्मा. रुपाने फेकायचं, रेश्माने मारायचं. वर्षभर हेच.

त्यात सकाळी निवड समितीच्या बाई सगळ्यांसमोर बोलून गेल्या होत्या. विभागाच्या संघात एकच पिचर न्यायची आहे, आणि जिने बॅट हातात धरलेली नाही तिला त्या नेणार नाहीत. तेव्हापासून रुपाच्या पायाला थारा नव्हता. दर डावानंतर ती सरांसमोर जाऊन उभी राहायची. सर पाण्याची बाटली द्यायचे आणि बस म्हणायचे. तिला बसवत नव्हतं.

"सर, मी जाते."

सरांचं म्हणणं जुनंच होतं. मागच्या साली जना पिचर होती. बॅटिंग करताना चेंडू तिच्या बोटावर बसला, बोट वाकडं झालं ते झालंच, आणि फायनल हातची गेली. तेव्हापासून फेकणारा हात जपायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. रोज घरून दोन उकडलेली अंडी आणायचे, फक्त रुपासाठी. बाकीच्या पोरी टकामका बघत राहायच्या. माणूस वाईट नव्हता. पण माणूस वाईट नसला म्हणून त्याचं बरोबरच असतं, असं कुठं आहे?

"शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाय, रुपा," सर म्हणाले. ते म्हशाचे, बैलांच्या जत्रेच्या गावचे. त्यांना सगळ्या दुनियेत जत्राच दिसायची.

"शर्यत मारली तरी ढाल मालकाच्याच घरात जाते ना, सर?"

बाकावरच्या पोरी खाली बघून हसल्या. रेश्माने बॅट सोडून दिली.

"घे गो," ती म्हणाली. "मला तर त्या कल्याणवालीचा बॉल दिसतच नाय."

सर उठेपर्यंत रुपा अंपायरला सांगून मोकळी झाली होती की पिचर आपली बॅटिंग आपण करणार. नियमात बसत होतं. अंपायरने सरांकडे पाहिलं. अख्ख्या मैदानासमोर नाही म्हणायची सरांना लाज वाटली. त्यांनी मान हलवली.

पहिला चेंडू कधी आला आणि कधी गेला, ते रुपाला कळलंच नाही. कल्याणची पिचर गालात हसली.

बॅट कशी धरायची हे रुपाला कुणी दाखवलं नव्हतं. तिला काठी ठाऊक होती. सिद्धगडाच्या पायथ्याला, तिच्या वाडीवर, दिवाळीनंतर वरई झोडतात. बाया खळ्यावर समोरासमोर उभ्या राहतात. एकीची काठी खाली आली की दुसरीची वर. रुपा सहाव्या वर्षापासून त्या रांगेत होती.

दुसऱ्या चेंडूला तिने बॅट वरून खाली आणली. चेंडू होमच्या पुढ्यातच कडक मुरमावर आदळला आणि असा उंच उडाला, की पिचर हात वर करून तो खाली यायची वाट बघत राहिली. ठमी सुटली ती थेट होमवर. पोरी नाचायला लागल्या.

रुपाचे हात पुन्हा वर गेले होते. पुढच्या फटक्यासाठी. खळ्यावर एक फटका मारून कुणी पळत नाही.

क्षणभरच. मग भान आलं आणि बॅट टाकून ती जीव खाऊन पळाली. चेंडू तिच्या अर्धं पाऊल आधी पहिल्या बेसवर पोचला. ती तिसरी आउट, म्हणून ठमीची धावही धरली नाही. परत शून्य-शून्य. आता जादा डाव.

बाई मांडवात वहीत डोकं घालून काहीतरी लिहीत होत्या. काय, ते इथून दिसत नव्हतं.

"बघितलंस?" सर म्हणाले. "म्हणून सांगत होतो."

रुपाचा दम अजून खाली बसला नव्हता. "मारायला आयनं शिकवलं, सर. पळायला तुमी शिकवायचं होतं."

 सरांनी रेश्माला पुढच्या बॅटिंगला परत तूच, म्हणून सांगितलं. बाहेर गेलेलीला एकदा परत येता येतं, तेही नियमातच होतं. मग पिशवीतून चेंडू काढून त्यांनी रुपापुढे धरला. आठवा डाव टाकायचा होता, आणि तो टाकणारी दुसरी कुणी संघात नव्हती. हे सरांना माहीत होतं. रुपालाही माहीत होतं.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बॅटिंगला माझं नाव ऱ्हाऊ द्या. मंग फेकते."

"रुपा, येड्यासारखं करू नको. टीम बघ."

"टीमच बघते, सर. तिच्यात मी हाय का नाय, ते तुमी सांगा."

अंपायरने पिचरला हाक मारली. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा मारली. आठ पोरी आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, सगळ्यांची तोंडं मधल्या, फेकणारीच्या वर्तुळाकडे. तिथं चुन्याची ताजी रेघ होती आणि आत कुणीच नव्हतं.