दारावरचा स्पंज

शिलाई मशीनवर वाकून वाकून माझ्या पाठीची पार कमान झाली होती. "एक तर दुकान बंद करा, नाहीतर हे कण्हणं!" असं बायकोनं ठणकावलं, तेव्हा मुकाट्यानं तळघरातल्या योगवर्गात गेलो. तिथल्या बुटक्या दाराच्या चौकटीला वरच्या बाजूला जाड स्पंज ठोकलेला होता.

"बाई, हा कशाला?" मी योगशिक्षिकेला विचारलं.

"कळेल. आधी भिंतीला पाठ टेकवून उभे राहा बघू."

रोज उभा राहिलो, ताणलो, कुरकुरलो. हळूहळू दुखणं पळालं. एके दिवशी वर्ग संपल्यावर शीळ घालत, ऐटीत बाहेर निघालो आणि कपाळ धप्पकन स्पंजवर आपटलं.

 

मागून बाई म्हणाल्या, "अभिनंदन! उद्यापासून यायची गरज नाही."