पाण्याचा पाहुणचार

नेलके फावडं घेऊन टेकाडावरून खाली धावली, तेव्हा तिच्या वर्गातली बाकीची पोरं वरच्या घराच्या खिडकीतून फोटो काढत होती. खालच्या कुरणाभोवती गुडघाभर उंचीचा बांध होता आणि त्याला मधोमध मोकळी वाट. त्या वाटेनं समुद्र आत येत होता. घाई नाही, आवाज नाही. अनोळखी घरात शिरणाऱ्या मांजरासारखा तो गवतातून पुढं सरकत होता.

नेलके ढेकळं खणून त्या वाटेत टाकायला लागली. ती हॉलंडच्या खोलगट मुलखातली शेतकऱ्याची पोर. पाणी दिसलं की भोक बुजवायचं, हे तिकडं कुणी शिकवत नाही. आईच्या दुधातूनच येतं.

"कोण गं तू माझं दार लावणारी?"

मागं विबकेआजी उभ्या होत्या, गमबूट घालून, कमरेवर हात ठेवून. या जर्मन बेटावरची ही शेती त्यांची. तीच बघायला कृषी विद्यालयाची सहल आली होती.

"आजी, पाणी आत येतंय."

"दिसतंय मला. तुझ्या जन्माच्या आधीपासून दिसतंय. आत आलेल्याला परत जायला वाट नको? काढ ती ढेकळं."

नेलकेनं ढेकळं काढली.

दुपारपर्यंत बेट नाहीसं झालं. उरलं फक्त टेकाड, त्यावरचं घर आणि गोठा. सकाळी मेंढ्या चरत होत्या तिथं बदकं पोहत होती. कुरणाचं फाटक समुद्रात एकटंच उभं होतं, त्यावर एक पांढरा पक्षी. आभाळ खाली उतरलं होतं की पाणी वर चढलं होतं, सांगता येत नव्हतं. गोठ्यात मेंढ्या निवांत रवंथ करत होत्या.

"कॅप्टन, नांगर उचलू का?" वर्गातल्या योस्टनं नेलकेला चिडवलं. एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. आज ती खिडकीतून बाहेरच बघत राहिली. तिला भीती वाटत होती आणि समोरचं सगळं फार सुंदर होतं. त्या सुंदर असण्याचा तिला राग आला.

तिच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिळा आहे, तिच्या डोक्याच्याही वर. पणजोबांच्या काळात पाणी तिथवर चढलं होतं आणि त्या रात्री घरातल्या दोन मुली झोपेतच गेल्या. अजूनही आई रोज संध्याकाळी बांधापर्यंत चालत जाऊन पाणी बघून येते, मगच जेवायला बसते. आणि आता सरकारनं ठरवलं होतं, त्या बांधाची उंची कमी करायची. मोठं उधाण आलं की पाणी शेतात येऊ द्यायचं. ज्यांना राहायचं असेल त्यांनी टेकाड घालून त्यावर घर बांधावं. ते ऐकून अख्खं गाव हसलं होतं. बाप हसला नाही. "पुढं शेती तुला करायचीय," तो म्हणाला होता. "विकायचं का राहायचं, तू सांग. सहल संपेपर्यंत विचार कर." नेलकेचा विचार सहलीआधीच झाला होता. विकायचं. आज ती तसं कळवणार होती.

विबकेआजींनी चहा मांडला. सगळ्यांना कप देऊन झाले तरी त्यांनी आणखी एक कप भरला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"हा कुणाचा?" नेलकेनं विचारलं.

"त्याचा." आजींनी बाहेरच्या पाण्याकडं हनुवटी उडवली. "माझी सासू ठेवायची. दारात आलेल्याला विचारायला नको?"

"आमच्याकडं त्याला बाहेर ठेवतात. पंप लावून."

"मग जमीन कशी आहे तुमची?"

"खचतेय. दर वर्षी थोडी."

"खचणारच. माझ्याकडं येतो तो रिकाम्या हातानं येत नाही, बाळ. प्रत्येक खेपेला चिमूटभर गाळ ठेवून जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा हे कुरण आतापेक्षा खाली होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "जीवही घेतलेत त्यानं. म्हणून तर आपण उंचावर झोपायचं. पण कुणी एकदा वाईट वागला म्हणून जन्मभर दार धरून उभं राहिलं, तर आपण तरी कधी बसायचं?"

नेलकेला एकदम आई दिसली. बांधावर उभी, वाऱ्यात, पाण्याकडं बघत.

संध्याकाळच्या आधी समुद्र आला त्याच वाटेनं परत निघाला. फाटकाला पुन्हा पाय फुटले, कुरण हळूहळू वर आलं. मेंढ्या टेकाड उतरायला लागल्या. नेलके त्यांच्यामागून खाली गेली. गवतावर गाळाचा बारीकसा थर होता, सायीएवढा. तिनं तो बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

मग तिनं फोन लावला.

"विकायचं ना?" बापानं विचारलं. त्याचा आवाज आधीच थकलेला होता. "तुझी आई इथंच आहे, बांधावर निघालीय."

"तिला थांबवा, बाबा," नेलके म्हणाली. "आपण टेकाड घालू. आणि तिला सांगा, चहाला एक कप जास्त लागेल."