साहेबांच्या ताटातला मरळ

"ही घरी नेऊन आईला दे," म्हणत शिवराज साहेबांनी बर्फाची पेटी आदिनाथच्या हातात ठेवली. "उजनीचा मरळ आहे. उद्या गावासमोर मी हाच खाणार. गावासाठी मात्र तो इथल्या तळ्यातला. कळलं ना?"

न कळायला काय झालं? जुन्या ट्यूबलाइटी फोडून पारा काढणाऱ्या कारखान्यात आदिनाथ हमाल होता आणि साहेब तिथले मॅनेजर. पेटी त्यांच्या टाळक्यात घालावी असं त्याला वाटलं. पण त्यानं ती मुकाट मोटरसायकलला बांधली.

वर्षभरात तळ्याची पार रया गेली होती. काठच्या बाभळीवर पाणकावळ्यांना धड बसता येत नव्हतं, बगळे उडता उडता खाली पडायचे. माशाची आतडी खाणारं घरचं मांजर भिंतींना धडका देत देत मेलं. मग सृष्टी, आदिनाथची पोर. तिच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगात पारा गेलाय. गाळातला पारा किड्यांत जातो, किड्यांतला बारक्या माशांत, आणि बारके मासे खाऊन मोठा होतो तो मरळ. सगळ्यात जास्त विष त्याच्यातच. भोयाचं घर. अंगानं भरावी म्हणून पोरीला रोज मरळच चारला होता.

आमचा पाईप तळ्यात सुटतच नाही, असं कारखाना छातीठोक सांगायचा. गावानं रस्ता अडवला तेव्हा साहेबांनी नवी टूम काढली. म्हणे, तळ्याचा मासा मी स्वतः खाऊन दाखवतो, तोही आदिनाथच्या आईच्या, सोजरबाईच्या हातचा. आजारी पोरीच्या आज्जीनंच रांधून वाढलं, तर पुढं बोलणार कोण? काय डोकं चालतं एकेकाचं.

सोजरबाईनं पेटी उघडून बघितली. "ताजा हाय," ती म्हणाली.

"आये, तू रांधनार त्येंच्यासाटी?"

"रांधते की."

"आदी सृष्टीचं हात बघ, मग सांग."

"रोज बगतीया."

आदिनाथच्या डोक्यात तिडीक गेली. परका माणूस विकला गेला तर समजू शकतो, पण ही सख्खी आई. तो न जेवताच बाहेर पडला.

दिवस मावळताना परतला, तर सोजरबाई तळ्यावरून येत होती. लुगडं ओलं, खांद्यावर जाळं. जाळ्यात हातभर लांब मरळ तडफडत होता. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्या घरानं तळ्यात जाळं टाकलं नव्हतं.

"ह्यो कशाला?"

"लागंल." तिनं मरळ दारामागच्या पिंपात सोडला आणि वर झाकण ठेवलं. मरळ लई चिवट, थोडक्या पाण्यातही जगतो. भोयाच्या घरी तो असाच राखून ठेवतात.

सकाळी तिनं काळा मसाला वाटला. गाळाचा वास जावा म्हणून माशाचे तुकडे ती नेहमी ज्वारीचं पीठ चोळून धुवायची. आज नुसत्या पाण्यातून काढले. साहेबासाठी एवढी मेहनत कशाला, म्हणून नसेल केली, असं आदिनाथच्या मनात आलं. पण तिच्याशी बोलायची त्याची इच्छा नव्हती.

चावडीपुढं मांडव घातला होता. पत्रकार मोबाइल रोखून उभे होते. प्रदूषण खात्याच्या अक्षता मॅडमही आल्या होत्या. पाईप सुटतो कुठं हे कळल्याशिवाय त्यांना कारखान्याला हात लावता येत नव्हता.

साहेब भाकरी चुरून, बोटं चाटत जेवले. "मंडळी, बघा, तळ्याचाच मासा. मला काय झालं? उगाच अफवा पसरवता राव. मावशी, अजून एक तुकडा वाढा."

सोजरबाई पातेलं घेऊन वाकली. ती हळू बोलली. मागं तांब्या घेऊन उभ्या असलेल्या आदिनाथला तेवढं ऐकू आलं.

"साहेब, तुमचा उजनीचा मरळ नातीला ठिवलाय. तळ्यातला खाईन म्हनून तुमी गावाला सबूद दिला व्हता. म्हनून तुमाला तळ्यातलाच वाढलाय."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. "कुठं धरला?"

"बाबळीखाली. पाखरं पडत्यात तितं."

साहेबांनी ताट भिरकावलं आणि सगळ्या गावादेखत घशात बोटं घातली. "गाडी काढा," ते ड्रायव्हरवर ओरडले. "बाभळीखालीच आपला पाईप सुटतो रे. दवाखान्यात फोन लाव, पारा पोटात गेलाय म्हणून सांग. आधी पारा सांग."

सगळे मोबाइल चालूच होते. अक्षता मॅडम उठल्या आणि तळ्याकडं चालू लागल्या. त्यांच्यामागून खोरी-कुदळी घेऊन गाव निघालं.

आदिनाथला आधी बरं वाटलं. असल्या माणसाची अशीच खोड मोडायला हवी होती. मग त्याच्या ध्यानात आलं. आईनं भरल्या मांडवात माणसाला विष घातलं होतं. आता पोलीस येणार, तिला घेऊन जाणार, आणि पोरीकडं बघायचं कुणी?

तो धावत घरी आला. सोजरबाई चुलीपुढं बसली होती. तेच पातेलं तिच्यापुढं होतं आणि त्यातलाच तुकडा ती सृष्टीच्या ताटलीत काढत होती. पोरीनं थरथरत्या हातानं घास उचलला होता.

आदिनाथनं ताटली हिसकावून घेतली. कालवण भुईवर सांडलं.

"आये, याड लागलंय का तुला? ह्यातलाच वाढलास न्हवं साहेबाला?"

"व्हय."

"आन् पोरीला बी त्योच?"

सोजरबाईनं पोरीचा हात पदरानं पुसला. "त्या पिंपावरचं झाकान काढ," ती म्हणाली.

आदिनाथनं झाकण काढलं. आत बाभळीखालचा मरळ सावकाश गिरक्या घेत होता.