मानेचा इशारा

"ब्लूज वाजवताना कुठे थांबायचं, ते मी नुसती मान हलवून सांगतो," बँडचे मास्तर म्हणाले. "तुला ते दिसणार कसं, पोरी?"

हेच सांगून आधीच्या तीन बँडनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

"एक गाणं वाजवू द्या, मास्तर. चुकले तर माझी मी जिना उतरेन, हात धरायला कुणी येऊ नका."

तिने चपला काढल्या, अनवाणी पावलांनी मंचाच्या फळ्या चाचपल्या आणि पियानोशी बसली.

"घरच समजलीस की काय!" ड्रमवाला हसला.

गाणं सुरू झालं. माहेरच्या वाटेवर पावलं धावावीत तशी तिची बोटं पट्ट्यांवरून धावली. ऐन रंगात मास्तरांनी मुद्दाम मान हलवली. ड्रम वाजत राहिला, सॅक्सोफोन वाजत राहिला, गिटारही वाजत राहिली. थांबला तो एकटा पियानो.

"तुम्हा तिघांचं लक्ष कुठे होतं?" मास्तर कडाडले.

"हिच्या बोटांकडे," ड्रमवाला ओशाळून म्हणाला.

मास्तर तिच्याकडे वळले. "आणि तुला गं कसं कळलं?"

"तुमच्या बुटाचा ठेका फळीतून माझ्या तळव्यांना लागत होता. मान हलवायच्या आधी तो बूट थांबतो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी ती तालमीला आली, तेव्हा मंचाच्या पायरीशी तिची काठी कशाला तरी अडली.

"जपून गं, ताई," ड्रमवाला वरून म्हणाला. "आमच्या तिघांचे बूट आहेत तिथे."