नळीतला दम

“पंच, हा दम तिचा नाही, यंत्राचा आहे!” विरोधी संघाची कर्णधार शर्वरी भडकली होती. महिला कबड्डीचा अंतिम सामना बरोबरीत होता आणि शेवटची चढाई मुक्ताची होती.

मुक्ताच्या गळ्यात बोटभर नळी होती. आजारपणात तिचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा साखर कारखान्यात वाफेचे मीटर सांभाळणाऱ्या मुक्ताने ती स्वतःच बनवली होती.

“वाफेच्या पाइपात मध्येच एक आडवी पट्टी असते,” मुक्ता त्याच नळीतून, सनईसारख्या आवाजात म्हणाली. “वाफ तिच्या दोन्ही बाजूंनी भोवरे सोडत जाते. वेग जास्त, तर भोवरे जास्त. मीटर तेच मोजतो. इथे वाफेऐवजी माझा श्वास आहे, आणि भोवऱ्यांचा आवाज होतो; भोवरे जास्त, तितका सूर उंच. श्वास मंदावला की भोवरेच उठत नाहीत. दम संपताना तुम्ही पुटपुटू तरी शकता, मला तेही जमत नाही.”

पंच पाटणकरबाईंनी शिट्टी फुंकली. “चढाई!”

मुक्ताने शर्वरीला पाय लावला, पण वळताच चौघींनी तिला कमरेला धरून पाडलं. मध्यरेषा हातभर लांब होती. इतरांचा आवाज अशा वेळी खाली उतरतो. मुक्ताने उरलासुरला श्वास एकदम लोटला. “कबड्डी, कबड्डी”चा सूर वर वर चढत गेला, आणि तिची बोटं रेषेपलीकडे टेकली.

मैदान दणाणलं. मुक्ताने ओठ हलवले, पण आवाज फुटेना.

शर्वरीने तिला उचलून उभं केलं. “बोलू नकोस गं. कळलं, दम कुणाचा होता ते.”