बंबवाले

"हा तो भाग नव्हेच," अनीश टीव्हीसमोर उकिडवा बसून पुटपुटला आणि त्याने डीव्हीडी पुन्हा मागे घेतली.

पडद्यावर विलायतेतल्या एका अग्निशामक ठाण्याचा टकल्या साहेब जळत्या खुर्चीवर रॉकेल ओतत होता. ओतता ओतता सँडविचमधल्या चीजबद्दल कुरकुरत होता. अनीशला आठवत होतं ते वेगळंच. लहानपणी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घरी हाच टकल्या ओरडायचा, "आग विझली तर आपली नोकरीही विझेल!"

त्या वाक्यावर अनीशने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळवल्या होत्या. पुण्याच्या ऑफिसातही तो ते येताजाता ऐकवायचा. गेल्या आठवड्यात एका मित्राने लंडनहून हा संच आणून लावला आणि सगळ्यांदेखत अनीशचं हसं झालं. तसं वाक्य कुठल्याच भागात नव्हतं. पाण्याचा पाइप खाणारी बकरी होती, पण ती साहेबाच्या सासऱ्याची नव्हती. मुळात त्यात सासराच नव्हता.

मालिकेच्या कॅसेटी शेजारच्या पटेलकाकींची लेक लेस्टरहून पाठवायची. रविवारी व्हीसीआर लागला की अनीशचे बाबा, जयवंतराव, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचे आणि एकेक संवाद मराठीत सांगायचे. मालिकेला 'बंबवाले' हे नावही त्यांचंच. अर्धी गल्ली हसून लोळायची. अनीशच्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं असं काही असेल, तर ते हेच. आता ते खोटं निघतंय की काय, या विचाराने तो कासावीस झाला होता. रजा टाकून बडोद्याला आला होता तो त्यासाठीच.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. बाजव्याकडच्या एका कारखान्यात बॉयलरच्या धडधडाटात उभा जन्म गेला, तरी इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं त्यांनी कधी अर्धवट सोडलं नव्हतं. गल्लीतल्यांचे इंग्रजी अर्ज तेच लिहून द्यायचे. मग हा उपद्व्याप कशाला?

"आई, बाबा तेव्हा मनानेच रचून सांगायचे ना?"

निरुपमाबाई पापडीच्या शेंगा सोलत होत्या. "तू हसायचास की नाही?"

"मी ते विचारत नाहीये."

"मग नको विचारूस."

तेवढ्यात फोन वाजला. आईच उठली. या घरात फोन तीच घ्यायची.

बाबा अकोट्याच्या बागेत फेरी मारून आले. आईने त्यांच्या दंडाला हात लावला. "अहो, अनीशने तुमचे बंबवाले आणलेत."

बाबांचा चेहरा उजळला. "अरे वाह! मजा पडशे! लाव, लाव!"

खुर्ची ओढून ते टीव्हीपुढे बसले आणि लगेच सुरू झाले. टकल्या चिडलाय. सासरा येणार म्हणून चिडलाय.

"बाबा, तो असं काही म्हणतच नाही," अनीश मागून म्हणाला. बाबांनी उत्तर दिलं नाही.

"तुम्ही खोटं का सांगत होतात?"

"असू दे रे," आई घाईने म्हणाली. बाबा पडद्याकडेच बघत होते.

अनीशला राग आला. साध्या प्रश्नाला उत्तरही देऊ नये? मालिका थांबवायची म्हणून त्याने रिमोट उचलला, पण भलतंच बटण दाबलं गेलं. चित्र चालूच राहिलं, आवाज तेवढा गेला.

बाबांचं चालूच होतं. "आला बघ सासरा! म्हणतो, जावईबापू, पोरगी राहू द्या, बकरी परत करा!" मांडीवर थाप मारून ते खदखदून हसले.

अनीशने आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

तो पुढे झाला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावरची नजर न हलवता बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! मध्ये बोलू नकोस. तो काय म्हणतोय ते ऐकू दे."